नऊ मणी

…आणि पाकळी काही पडत नव्हती. तगरीची होती, पांढरी, एका कडेला किंचित पिवळी पडलेली; विहिरीवरून आणलेल्या कळशीच्या ओल्या पोटाला चिकटून बसली होती, आणि गुरुदास घाडी तोंडात दात घासायचा ब्रश तसाच धरून तिच्याकडे बघत उभा होता — उजव्या अंगाला आहे की डाव्या, हे बघत. मग त्याचं त्यालाच हसू आलं. कळशीला कसलं आलंय उजवं-डावं! जरा फिरवली की उजवीची डावी. देवाच्या पाषाणाची गोष्ट वेगळी, तो शेकडो वर्षं एकाच जागी पूर्वेकडे तोंड करून उभा, त्याचं उजवं ते उजवंच… निदान परवापर्यंत तरी होतं. त्यानं चूळ भरली, खांद्यावरच्या पंच्याला तोंड पुसलं, आणि घरात कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू 'हं' करून बघितलं.

हे 'हं' म्हणजे आताशा त्याच्या दिवसाचं पहिलं काम. देवाला हात जोडायच्याही आधी. आणि मग दिवसभर प्रत्येक वाक्याच्या आधी एकेक — पावसात साकवावर पाय टाकण्यापूर्वी फळी दाबून बघावी तसं — कुणाच्या लक्षात येत नाही, लोकांना वाटतं पोस्टमास्तरांना घसा खाकरायची सवय आहे. आजचं 'हं' निघालं, पण मध्ये कुठेतरी अडून निघालं. काल संध्याकाळीही अडलं होतं. काल त्यानं स्वतःची समजूत घातली होती की थंडी पडायला लागलीय, धुकं आहे, शेजारी भात झोडतायत त्याची धूळ आहे. आज तसली काही समजूत घालण्याचंसुद्धा त्याच्या अंगात त्राण नव्हतं. सुई टोचून घेतल्याचा अकरावा आठवडा. डॉक्टरनं सांगितलं होतं, बारा आठवडे धरा, कुणाला दहा मिळतात, कुणाला चौदा. गुरुदासनं चौदा धरले होते. माणूस आपल्या वाट्याला नेहमी चौदाच धरतो.

विमलानं चहा पुढे ठेवला आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली. बायको उंबऱ्यात उभी राहिली की तिला काहीतरी विचारायचं असतं, हे तीस वर्षांच्या संसारात त्याला कळलं होतं. आज कौल आहे, आवाज बरा आहे ना, असं तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. नुसती मान. तिनं ते बघितलं आणि गरम पाण्याची बाटली भरून त्याच्या पिशवीत ठेवायला आत गेली. न बोलण्याची तिलाही सवय झाली होती. घरात एकाचा आवाज गेला की दुसऱ्याचाही हळूहळू कमी होतो.

कट्टा गावच्या पोस्टात तो पंचवीस वर्षं होता, पण गावात त्याला पोस्टमुळे कुणी ओळखत नसे. तो घाडी. गावाला देवाशी काही बोलायचं असेल — पाऊस लांबला, जत्रा भरवायची, कुणाच्या घरात आजार शिरला, कुणाचं पोर परदेशी निघालं — तर ते गावानं बोलायचं नसतं, गावाच्या वतीनं घाड्यानं बोलायचं असतं. त्यानं देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक वाक्याशेवटी तो श्वास घ्यायला थांबला की मागच्या सगळ्यांनी म्हणायचं, 'व्हय म्हाराजा'. आज्यानं घातलं, बापानं घातलं. बाप ओसरीवर सुंभ वळता वळता त्याला शिकवायचा. मांडीवर काथ्याचे पेड घोळवत म्हणायचा, गाऱ्हाणा आपला नसता रे झिला, आपण नुसता तोंड. लहानपणी ते वाक्य गुरुदासला फार मोठं वाटे. आता वाटतं, बापाचं काय गेलं बोलायला! त्याचा गळा शेवटपर्यंत घंटेसारखा वाजला.

चार वर्षांपूर्वी हे सुरू झालं ते पोस्टाच्या खिडकीत. 'रजिस्टर' म्हणायला गेला आणि शब्द मध्येच आवळला गेला, कुणी आतून मूठ मिटावी तसा. मग रोजचंच झालं. आम्लपित्त आहे म्हणाले, मनाचं आहे म्हणाले, काळजी करू नका म्हणाले — काळजी करू नका म्हणणाऱ्याला दोन महिने हा गळा वापरायला द्यायला हवा होता! आणि गंमत अशी, की हसताना आवाज साफ. कुजबुजताना साफ. भजनात साफ. फक्त साधं, सरळ, माणसानं माणसाशी बोलायचं ते तेवढं तुटायचं. आणि गाऱ्हाणं तर धड बोलणंही नव्हे आणि गाणंही नव्हे, ते सुरावर चढवून म्हणायचं. ते पाण्यासारखं स्वच्छ निघायचं. गावानं याचा अर्थ लावला, आणि गावानं एकदा अर्थ लावला की तो पुसायला सात जन्म लागतात: देवानं घाड्याचा आवाज आपल्यासाठी राखून ठेवलाय, पोस्टाच्या खिडकीत खर्च होऊ नये म्हणून.

खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलं. आजार आजार न राहता मान झाला. तीन वर्षं तो त्या मानावर जगला आणि गेल्या वर्षी जत्रेत, पाचशे माणसं मागे उभी असताना, 'तुझ्या लेकरांक' म्हणायला गेला आणि 'लेकरांक' निघेना. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि शब्द नाही. किती वेळ? लोक म्हणतात क्षणभर. त्याला विचाराल तर तो अजून तिथेच उभा आहे. मग मागून कुणीतरी ते वाक्य पुरं केलं, स्वच्छ, खणखणीत — त्याचा चुलतभाऊ लवू. रिक्षा चालवतो. लहानपणापासून मागच्या रांगेत उभं राहून सगळ्यांत मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणणारा लवू. लोकांनी होकार भरला, गाऱ्हाणं पुढे गेलं, जत्रा झाली. लवूनं काही वाईट केलं नव्हतं. म्हणूनच ते गुरुदासला माफ करता येत नव्हतं. वाईट केलं असतं तर कधीच माफ करून टाकलं असतं.

नऊ वाजता त्यानं पोस्ट उघडलं. शिक्क्यावरची तारीख फिरवली. थैली येईपर्यंत खिडकीत दोघं-तिघं उभी राहिली, आणि तो हातानं बोलत राहिला — बोटानं सही कुठे करायची ते दाखव, मानेनं हो म्हण, भुवईनं नाही म्हण. दुपारसाठी राखून ठेवायचा होता. हसू आलं त्याला पुन्हा: आता खरोखरच तो देवासाठी आवाज राखत होता, आणि देवाचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

संबंध होता तो श्रियाच्या त्या प्रोटीनशी. मुलगी पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला आहे. बापाच्या घशामुळे तिनं तो विषय घेतला, की विषय घेतल्यावर तिला बापाचा घसा कळला, हे त्यानं कधी विचारलं नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी त्याला रडू आलं असतं. दिवाळीत आली होती तेव्हा ओसरीवर बसून तिनं आजोबांच्या वेळचा सुंभाचा तुकडा घेतला, त्याचे पेड सोडवले आणि त्याला समजावून सांगितलं. शीर जिथे स्नायूपाशी संपते तिथे आतमध्ये बारीक बारीक पिशव्या असतात, पिशवीत स्नायूसाठी निरोप असतो. पिशवी भिंतीपाशी येऊन चिकटते आणि थांबते. हुकूम झाला की पिशवीचा एक पेड, भिंतीचा एक, आणि स्नॅप-पंचवीस नावाचं एक प्रोटीन भिंतीच्या आतल्या अंगाला चिकटलेलं असतं त्याचे दोन — असे चार पेड एकमेकांत वळतात, पीळ घट्ट होतो, पिशवी भिंतीत ओढली जाते, उघडते, आणि निरोप बाहेर. एवढं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. तुझ्या गळ्याला निरोप नको तेव्हा आणि नको तेवढे जातात, म्हणून गळा आवळतो, म्हणाली. आणि तुझ्या गळ्यात टोचलेल्या सुईतलं विष करतं काय? त्या स्नॅप-पंचवीसच्या सरात दोनशे सहा मणी आहेत, त्यातले शेवटचे नऊ तोडतं. बाकीचे एकशे सत्त्याण्णव जागच्या जागी. पण पीळ पुरा बसत नाही.

"मगे त्या निरोपाचा काय होता?" त्यानं विचारलं होतं.

"काय नाय, बाबा. रवता थंयच. भिंतीक चिकटान."

आणि शीर गप्प बसत नाही, ती नवीन सर ओवते, तीन महिन्यांत पुरे दोनशे सहा मण्यांचा सर तयार, पीळ पुन्हा बसायला लागतो, म्हणून तर तुला परत सुई लागणार, असं सांगून तिनं सुंभ परत वळून ठेवला होता. बाप वळायचा तसा नाही, सैल. पण गुरुदासच्या डोक्यात ते जे बसलं ते बसलंच. रात्रंदिवस आपल्या गळ्यात कुणीतरी न थकता नऊ-नऊ मणी ओवतंय. आपलंच शरीर, प्रामाणिकपणे, कुणी न सांगता, बरं व्हायच्या मागे लागलंय… आणि ते बरं झालं की मी पुन्हा मुका. याला काय म्हणायचं? कुणाला दोष द्यायचा? मी दमलो आहे, हे म्हणायला तरी कुणाकडे जायचं?

थैली आली. तिच्यामागून जॉयसी टीचर आल्या. जॉयसी रोझारियो, निवृत्त शिक्षिका, मुलाला दुबईला पुडकं पाठवायचं होतं त्यांना. ही सुई त्यांनीच सुचवलेली. त्यांच्या म्हापशाच्या बहिणीला हाच आजार. गोव्याचा तो डॉक्टर, मानेतून आत जाणारी ती बारीक सुई, नंतरचे दोन आठवडे — आवाज म्हणजे नुसती हवा, पाणी पिताना हनुवटी छातीला लावली नाही तर ठसका — हे सगळं गावात विमला सोडल्यास त्यांनाच ठाऊक होतं. गावाला सांगितलं होतं, घशाला सूज आहे. आणि सुईनंतर पंधरा-वीस दिवसांनी जेव्हा आवाज परत आला, चांगला, गेल्या चार वर्षांत नव्हता असा, तेव्हा गावानं पुन्हा अर्थ लावला. देवानं दिला. लवूनं तर देवापुढे नारळ फोडला, गुरुदासच्या नावानं. गुरुदास नारळाचा तुकडा खाऊन घरी आला होता.

पुडक्याचं वजन करताना त्यानं 'हं' केलं आणि किती ग्रॅम ते सांगितलं. टीचरनी चष्म्यावरून बघितलं. शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईचा कान.

"जाता म्हणा तो आवाज," त्या हळूच म्हणाल्या. "परत जातलास सुयेक?"

त्यानं खांदे उडवले. बारा आठवडे व्हायच्या आत डॉक्टर टोचत नाही, आणि टोचलं की दोन आठवडे नुसती हवा. हा हिशेब त्यानं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला इतक्या वेळा मांडला होता की कागद फाटायला आला होता.

"माझ्या भैणीन सोडल्यान सुयो," टीचर म्हणाल्या. "ती आता कुजबुजताच. आदी आमका वायट वाटला. आता घरातली लागी बसतत नि कान देतत."

पावती घेऊन त्या गेल्या. जाताना त्यांनी काही उपदेश केला नाही, हे त्यांचे उपकार. गुरुदास मात्र चिडला. कान देतात म्हणे! पाचशे माणसं जत्रेत जवळ कशी बसणार? देव कान देणार आहे? कुजबुजून कधी गाऱ्हाणं होतं काय? मग तो चिडूनही दमला आणि शिक्के मारत बसला.

खरी चूक झाली होती ती हिशेबात. तुळशीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी देवाला कौल लावायचा, जत्रेची तारीख विचारायची; दोन-अडीच आठवड्यांत जत्रा. दर वर्षीचं. त्यावरून मागे मोजून त्यानं चतुर्थीनंतरची सुई ठरवली होती, सगळं कसं चपखल. फक्त एक गोष्ट त्यानं धरली नाही, आणि घाड्याच्या घरात जन्मलेल्या माणसानं ती धरू नये म्हणजे काय म्हणावं — सुतक. मानकऱ्यांच्या घरातली म्हातारी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेली. मानकऱ्यांना सुतक म्हणजे देवाचं काम बंद. तेरा दिवस. त्यानंतर अमावास्या, मग आणखी काही. सुईचे दिवस मोजणाऱ्या त्याला मरणाचे दिवस मोजायचं सुचलं नव्हतं. आणि म्हातारी गेल्याचं कळलं तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं होतं? अरेरे, असं नव्हतं आलं. आता कसं होणार, असं आलं होतं. त्या म्हातारीनं लहानपणी त्याला गुळाचं खाजं दिलं होतं, दर जत्रेत.

तर आता दोन तारखा होत्या. एक पुढचा रविवार, नऊ दिवसांवर. आवाज ओढत-ताणत तिथवर नेता आला असता. दुसरी तीन आठवड्यांनी, मुंबईकरांना सोयीची. तेव्हा एकतर तो मुका असणार होता नाहीतर तुटका. आधी कुठली विचारायची ते गावानं त्याच्यावर सोडलं होतं. त्यात काही पाप नव्हतं. आधी जवळची विचारली तर कोण नाव ठेवणार? तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

तो थांबला नाही. परवा सकाळी तो धोंडू गुरवाकडे गेला. धोंडूमामा सत्तरीच्या पुढचा, पन्नास वर्षं देवाच्या अंगाला कौलाच्या पाकळ्या लावणारा. उजव्या खांद्याला एक, डाव्या खांद्याला एक, पाण्यात बुडवून. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळी किती दाबायची, पाणी किती ठेवायचं, हे धोंडूच्या बोटांना ठाऊक, आणि त्या बोटांविषयी पन्नास वर्षांत कुणी शब्द काढला नव्हता. धोंडू तांब्या घासत बसला होता. गुरुदासनं 'हं' केलं आणि म्हणाला, "मामा, कौलाक उजवी जरा हलक्या हातान लावशात?"

धोंडूचा हात थांबला नाही. चिंच, राख, तांब्या. तांब्या उपडा ठेवून तो म्हणाला, "चाय घेतलंस?"

घेतली, असं म्हणून गुरुदास उठून आला. तेव्हापासून दोन दिवस तो त्या चहाचा अर्थ लावत होता. हो? नाही? लाज नाही वाटत? वाटत होती ना! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. काल देवळावरून जाताना त्यानं आत बघून हात जोडले नाहीत, चपलेत खडा गेल्यासारखं करून वाकला आणि तसाच पुढे गेला.

अडीच वाजता लवूची रिक्षा पोस्टासमोर येऊन उभी राहिली. त्याला न्यायला. बोलावलं नव्हतं. दादा, चलत नको येव, धुळीन घसो बसतलो, असं म्हणून त्यानं मागची सीट फडक्यानं पुसली. रस्ताभर लवू आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात बोलत होता, त्याच्या म्हशीविषयी, रस्त्याच्या खड्ड्यांविषयी, आणि मध्येच, आरशात बघत, तुझा आवाज आला तेव्हा मला झोप लागली रे, नाहीतर वर्षभर मला वाटत होतं की मी तुझ्या तोंडातला घास काढून घेतला, असं म्हणून गेला. गुरुदास बाहेर बघत राहिला. कापलेल्या भाताच्या खुंटांवर बगळे उतरले होते. काहीतरी बोलायला हवं होतं. पण बोललं तर दुपारचं कमी पडेल, असं स्वतःला सांगून तो गप्प बसला, आणि हे कारण खोटं आहे हेही त्याला कळत होतं.

देवळात चाळीसेक माणसं होती. उन्हं कलायला लागली होती, सभामंडपाच्या खांबांच्या सावल्या आडव्या पडल्या होत्या. मानकरी येऊन बसले. धोंडूनं पितळी ताटलीतल्या पाण्यातून एक पाकळी उचलली, देवाच्या उजव्या खांद्याला लावली. दुसरी उचलली, डाव्या खांद्याला लावली. गुरुदास त्याच्या बोटांकडे बघत होता, डोळे फाडून, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. दोन्ही वेळी अंगठा सारखाच दाबला गेला असं वाटलं. की पहिल्यांदा किंचित कमी? धोंडू बाजूला सरून गाभाऱ्याच्या चौकटीला टेकला. हाताच्या अंतरावर.

हं.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्यो तुझो गाव, तुझी बारा वाड्यांची लेकरां, तुझ्या पायांकडे येवन हात जोडून उभी आसत…"

"व्हय म्हाराजा!"

निघाला. 'लेकरां'सुद्धा निघालं. पुढच्या आयतवारी जत्रा भरवायचा गावाचा विचार आहे, तुझ्या मनात असेल तर उजवा कौल दे, असं त्यानं मागितलं, गावानं होकार भरला, आणि सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या हलल्या नाहीत. असं होतं, देव वेळ घेतो, अशा वेळी घाड्यानं पुन्हा पुन्हा विनवायचं असतं, कौल होईपर्यंत त्याला थांबता येत नाही. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा होकार. पुन्हा. पाच मिनिटं गेली, पंधरा गेली, खांबाची सावली एका फरशीवरून दुसरीवर सरकली. दोन्ही पाकळ्या काळ्या पाषाणाला घट्ट चिकटून, भिंतीपाशी आलेल्या आणि हुकमाची वाट बघणाऱ्या… त्यानं तो विचार झटकला. धोंडूनं मुद्दाम दोन्ही घट्ट लावल्या? मला धडा म्हणून? की धोंडूनं काहीच केलं नाही आणि हा देवच धरून बसलाय? दोन्ही सारखंच. पडेपर्यंत मला बोलायचंय, आणि ज्या आवाजासाठी हे सगळं केलं तोच आता इथे, थेंब थेंब, संपणार आहे.

सातव्यांदा की आठव्यांदा 'आयतवारी'ला खरड आली. नवव्यांदा शब्द मधोमध चिरला. मागे कुणीतरी चुळबुळलं. आता लवू बोलेल, गुरुदासला वाटलं, आता मागून तो खणखणीत आवाज येईल; त्याची पाठ आपोआप ताठ झाली. पण लवू बोलला नाही. गुरुदासनं किंचित मान वळवली तर लवू डोळे मिटून, हात जोडून, ओठ गच्च आवळून उभा होता. पुढचं सगळं त्याला पाठ असताना. घास परत तोंडात घालावा तसा तो गप्प होता.

ते बघितलं आणि गुरुदासच्या आतलं काहीतरी सैल झालं. फार नाही. इतके दिवस मान वर धरून जो स्नायू दुखत होता तो एकदम दुखायचा थांबावा, तेवढंच. त्याला प्रचंड थकवा आला, आणि तो लपवावासा वाटला नाही. तो अर्धं पाऊल पुढे सरकला, धोंडूच्या अगदी जवळ, देवाच्या चेहऱ्यासमोर. आणि कुजबुजला. कुजबुजीत एकही शब्द तुटला नाही.

"बा देवा, आवाज तुझो नाय. सुयेचो आसा. तारीख मी माझ्यासाठी मागलंय, गावासाठी नाय. धोंडूमामाक मी सांगलंय, उजवी हलकी लाव म्हणान. मी दमलंय, म्हाराजा…"

त्याला श्वास घ्यावा लागला. तो थांबला.

"व्हय म्हाराजा!"

चाळीस गळे एकदम. सगळ्यांत वर लवूचा. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. घाडी थांबला की होकार भरायचा, एवढंच त्यांना ठाऊक, आणि तो थांबला होता. तेवढंच. पण देवळाच्या छपरात घुमून तो होकार परत खाली आला आणि गुरुदासच्या पाठीवर पडला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दमलंय — व्हय म्हाराजा. आवाज सुयेचो — व्हय म्हाराजा. इतकी वर्षं त्यांच्या वतीनं बोलता बोलता, आपल्या वतीनंही कुणी हो म्हणू शकतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्या त्यांना हे मोठ्यानं सांगितलं तर काय म्हणतील, कुणास ठाऊक. लवूला आधी सांगायला हवं. त्या नारळाचं तरी.

पाकळ्या तशाच होत्या. दोन्ही. आपण उजवीकडे बघत नाही आहोत, हे त्याच्या जरा उशिरानं लक्षात आलं. तो मधोमध बघत होता, देवाच्या झिजलेल्या नाकाकडे, जे त्यानं इतक्या वर्षांत नीट बघितलंच नव्हतं.

धोंडूनं सगळं ऐकलं होतं. न ऐकून जातो कुठे! पण तो पाकळ्यांकडे गेला नाही, ताटलीकडे गेला नाही, चौकटीला टेकल्या जागी त्यानं फक्त पायावरचा भार बदलला.

"इचार परत, गुरुदास," तो म्हणाला. "येळ आसा."

कुठली तारीख, ते त्यानं सांगितलं नाही. गुरुदास दोन पावलं मागे आला, गावाच्या पुढे, आपल्या जागी. हात जोडले. मागे माणसं श्वास धरून होती, बाहेर पिंपळावर पाखरांची किलबिल सुरू झाली होती. त्यानं तोंड उघडलं, आणि 'हं' करून बघायचं राहून गेलं, हे पहिला शब्द निम्मा बाहेर पडल्यावर त्याच्या लक्षात आलं.